स्कॉच, बर्फ आणि माठातलं पाणी

"पप्पा, बर्फ नका घालू. नीट घ्या," भाचा म्हणाला.

"मग मी काय वाकडी घेतोय?" असं म्हणत दाजींनी बर्फाचे दोन खडे ग्लासात सोडलेसुद्धा. भाच्याचं 'नीट' इंग्रजीतलं होतं, म्हणजे काहीही न घालता, नुसती.

मे महिन्यातली रात्र, गंगापूर रोडवरची आमची गच्ची. साडेनऊ वाजले तरी पारा तिशीखाली उतरायचं नाव घेत नव्हता. दाजी पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार. भाचा दोन वर्षं एडिनबरात शिकून नुकताच परतलेला. महाराष्ट्रात कडक दारू प्यायला कायद्याने पंचविशी पूर्ण लागते, हा सत्ताविशीचा, त्यामुळे तीही अडचण नव्हती. अडचण एवढीच, की बाप-लेक समोरासमोर ग्लास घेऊन पहिल्यांदाच बसत होते आणि दोघंही जरा अवघडलेले होते. बाटली भाच्याने आणलेली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयला बेटावरची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत, मोड आणून वाळवलेल्या सातूपासून काढलेली स्कॉच व्हिस्की, ४६ टक्क्यांची, धुरकट. बेटाचा उच्चार खरंच आयला असा आहे. दाजींना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिला घोट घशाखाली उतरला तसं बेटाचं नाव त्यांच्या तोंडून बरोबर निघालं.

मी सातपूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. कशात काय विरघळतं, किती विरघळतं आणि कधी फाटतं, हे बघण्यातच माझा दिवस जातो. म्हणून पंच मला नेमलं. बर्फ घालावा, पाणी घालावं, की काहीच घालू नये?

मला वाटतं प्रश्नच जरा चुकीचा विचारला जातो. ग्लासातल्या व्हिस्कीला दोन खुंट्या असतात. एक कडकपणाची, म्हणजे तिच्यात अल्कोहोल किती टक्के आहे. दुसरी तापमानाची. पाणी पहिलीच खुंटी पिळतं, आणि आपण थांबलो की थांबतं. बर्फ दोन्ही खुंट्या एकदम पिळतो आणि संपेपर्यंत पिळतच राहतो. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

आधी 'नीट'वाल्यांची बाजू बघू, कारण त्यांचा आवाज मोठा असतो. त्यांचं म्हणणं असं, की बनवणाऱ्याने जी दिली ती तशीच प्यावी, पाणी घालणं म्हणजे भेसळ. पण बाटलीतल्या स्कॉचमध्ये पाणी आधीच घातलेलं असतं! भट्टीतून उतरते तेव्हा माल्ट व्हिस्की सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. ओकच्या पिंपात भरताना बहुतेक ठिकाणी ती पाणी घालून ६३.५ टक्क्यांवर आणतात. कायद्याने किमान तीन वर्षं ती स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात मुरली पाहिजे. या काळात पिंपाच्या लाकडातून थोडी उडून जाते, कडकपणाही उतरतो. समजा बारा वर्षांनी ती ५८ टक्के उरली. ती ४० टक्क्यांवर बाटलीत भरायची, तर एका लिटरमागे साडेचारशे मिलीच्या आसपास पाणी घालावं लागतं. म्हणजे बाटलीचा जवळपास तिसरा हिस्सा शेवटी ओतलेलं पाणी. स्कॉचचे २००९चे नियम बाहेरून दोनच गोष्टी घालू देतात, पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमल. पाणी हा स्कॉचचा घरचाच माणूस आहे. प्रश्न एवढाच, की शेवटचा चमचा त्यांनी घालायचा की आपण.

आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा दिसतो. तो ब्रिटिशांच्या 'प्रूफ' मोजणीतून आला. शंभर प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, त्याचे पंचाहत्तर प्रूफ केले की ४२.८. इंग्रज गेले, आकडा राहिला.

आता नाकाकडे येऊ. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा वासाचा असतो. सर्दी झाली की मटणाचा रस्साही गरम पाण्यासारखा लागतो, तो त्यामुळे. व्हिस्कीत तर वासच सगळं आहे. पिंपाच्या लाकडातला व्हॅनिला, सुक्या खोबऱ्यासारखा एक वास, आंबवणीत तयार झालेली केळ्याची-सफरचंदाची झाक, आणि आयलाच्या व्हिस्कीत पीटचा धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेला पालापाचोळा. तो जाळून त्याच्या धुरावर मोड आलेलं सातू वाळवतात. दाजींच्या भाषेत, "होळीच्या दुसऱ्या दिवशीचा वास."

पण हे सगळं नाकापर्यंत पोचायच्या आधी अल्कोहोल दारात उभं असतं. त्याची जी आग होते ती चव नसते, वासही नसतो. आपल्या तोंडात-नाकात उष्णता ओळखणारे काही मज्जातंतू आहेत. एरवी ते बेचाळीस अंशांच्या आसपास 'भाजतंय' म्हणून ओरडतात. अल्कोहोल लागलं की ते आठेक अंश आधीच ओरडायला लागतात, म्हणजे आपल्या अंगाचं तापमानसुद्धा त्यांना चटका वाटतं. मिरचीचा तिखटपणाही याच वाटेने जाणवतो. लवंगी मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर शेजारच्या वांग्याच्या भाजीत मीठ आहे की नाही हे कळतं का? तसंच ५५-६० टक्क्यांची व्हिस्की नुसती घेतली, की जीभ आगीतच गुंतते.

म्हणून पाणी. भाच्याच्या ग्लासात मी ड्रॉपरने पाण्याचा पहिला थेंब सोडला आणि ग्लास गच्चीवरच्या दिव्यासमोर धरला. एकतारी पाकात चमचा फिरवल्यावर दिसतात तशा पारदर्शक रेषा खाली उतरत गेल्या, एकमेकींत गुंतल्या आणि विरल्या. पाणी आणि अल्कोहोल प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, म्हणून मिसळेपर्यंत तेवढा वेळ ते असे डोळ्यांना दिसतात. मिसळताना आणखी दोन गोष्टी होतात. मिश्रण किंचित गरम होतं, आणि आकसतं. ५० मिली शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर शंभर भरत नाही, शहाण्णव-सत्त्याण्णवच भरतं. शेंगदाण्याच्या डब्यात रवा ओतला तर तो फटींत शिरून बसतो, त्यातलाच प्रकार. लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना हे मोजायला लावलं की ती आधी स्वतःच्या मोजपात्रावर संशय घेतात.

वासाचे रेणू मात्र पाण्याचे मित्र नसतात. बहुतेक तेलकट प्रकृतीचे. अल्कोहोलात ते सुखाने लपून राहतात. पाणी वाढलं की त्यांना आत जागा आवडेनाशी होते आणि ते पृष्ठभागाकडे सरकतात, तिथून हवेत, तिथून नाकात. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांनी, हे संगणकावर करून पाहिलं. धुराच्या वासाचा एक महत्त्वाचा रेणू आहे, ग्वायकॉल. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी जास्त सापडतो, आणि ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत बुडतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा जगभर मथळे झळकले, 'व्हिस्कीत पाणी घालावं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं'. माझ्या मते ते जरा उतावळे होते. तो संगणकातला एक रेणू होता, ग्लासातली व्हिस्की नव्हे, आणि त्या आकड्यांकडे नीट पाहिलं तर फायदा मुख्यतः ५५-६० टक्क्यांच्या, थेट पिंपातून पाणी न घालता भरलेल्या बाटल्यांचा आहे. ४० टक्क्यांची व्हिस्की त्या रेषेच्या अलीकडेच उभी असते.

मग पाणी घालायचं तरी किती? इथे २०२३मधला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा अभ्यास जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात खरी नाकं होती. स्कॉच, आयरिश, अमेरिकी बर्बन अशा पंचवीस व्हिस्क्या थोडं थोडं पाणी वाढवत प्रशिक्षित माणसांना हुंगायला दिल्या. ग्लासातलं पाणी वीस टक्क्यांपर्यंत जाईस्तोवर त्यांना एक व्हिस्की दुसरीपासून वेगळी ओळखता येत होती. त्यापुढे एकाच जातीच्या व्हिस्क्या एकसारख्या वाटू लागल्या. वीस टक्के म्हणजे ६० मिलीच्या मोठ्या पेगात १५ मिली पाणी, पोह्याचे नाही, चहाचे तीन चमचे. छोट्या पेगात दीड. पाच हजारांची बाटली आणि बाराशेची बाटली यांतला फरक ज्याला अनुभवायचा आहे, त्याने या रेषेच्या आत राहावं. पलीकडे गेलात तर पैसे बाटलीला देताय, प्यायला मात्र 'साधारण व्हिस्की' पिताय.

व्हिस्की जुळवणारे कारागीर स्वतः तर अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास उतरेल इतके नमुने पातळ करून हुंगतात. पण ते पिण्यासाठी नाही. दिवसाला शेकडो नमुने नाकाखालून जायचे असतात, नाक टिकवणं हा त्यांचा धंदा आहे, आणि ते दोष शोधत असतात, मजा नाही.

दाजी इतका वेळ ऐकत होते. "म्हणजे पाणी चालतं. मग माझ्या बर्फाने काय घोडं मारलं?"

तेव्हा मी खाली जाऊन स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि लॅबमधला जुना थर्मामीटर घेऊन आलो. नव्या ग्लासात ६० मिली ओतली. तापमान तीस अंश. ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, बर्फ घातला, चमच्याने ढवळत राहिलो. पारा सहा अंशांवर आला तसे उरलेले खडे चिमट्याने पटकन काढून टाकले. काट्यावर १९ ग्रॅम. म्हणजे दोनच मिनिटांत ६० मिली व्हिस्कीत जवळपास चार चमचे पाणी गेलं होतं. ४६ टक्क्यांची व्हिस्की पस्तिशीवर आली होती.

"म्हणजे मी बर्फ घालून पाणीच पितोय की," दाजी म्हणाले.

हो, आणि यात बर्फाचा दोष नाही, तो असंच काम करतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी उष्णता खेचून घेतो. फ्रीजरमधून उणे दहावर निघालेला तोच ग्रॅम शून्यापर्यंत तापताना जेमतेम पाच कॅलरी घेतो. व्हिस्की गार होते ती बर्फ गार असतो म्हणून नव्हे, तो वितळतो म्हणून. न वितळता गार करणारा बर्फ अजून जन्माला यायचाय. मोठा चौकोनी खडा वापरला की पाणी होत नाही, असं सांगणारे भेटतात. तीस अंशांवरून सहावर यायला जेवढे ग्रॅम वितळावे लागतात तेवढे मोठ्या खड्याचेही वितळतातच, फक्त सावकाश. त्याचा खरा उपयोग नंतर होतो. एकदा गार झाल्यावर त्याचा पृष्ठभाग कमी असल्याने तो पुढे हळू विरघळतो, आणि गप्पा रंगल्या तरी ग्लासाचं सरबत होत नाही. दगडाचे ते गार करायचे खडे मिळतात, ते वितळत नाहीत, म्हणूनच फारसं गारही करत नाहीत. तीन खड्यांनी चार-पाच अंश उतरले तर नशीब. भाच्याने तेही आणले होते. सध्या ते पेपरवेट आहेत.

दुसरी खुंटी, तापमानाची. गार झालं की वास उडायचे कमी होतात. हापूस फ्रीजमधून काढून लगेच कापला आणि अर्ध्या तासाने कापला, यातला फरक प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. जिभेचंही तसंच, गारव्यात तिला गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम नको इतकं गोड लागतं, कारण ते थंड असताना खायचं म्हणून त्यात साखर तशीच ठोकलेली असते. व्हिस्की सहा अंशांवर नेली की आग कमी होते, पण तिच्याबरोबर फळं, व्हॅनिला, खोबरं हेही मागे सरतं. लाकडाचा तुरटपणा आणि थोडा धूर तेवढा पुढे राहतो. ज्या व्हिस्कीत लपवण्यासारखं जास्त आणि दाखवण्यासारखं कमी, तिला बर्फ मानवतो. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. दाखवण्यासारखं बरंच असलेल्या बाटलीवर मात्र तो अन्याय आहे.

याच वेळी एक नाटक झालं. दाजींच्या ग्लासातली सोनेरी व्हिस्की बघता बघता गढूळ झाली, कोमट पाण्यात दुधाचा थेंब पडावा तशी. दाजींनी ग्लास उचलून माझ्या नाकासमोर धरला. "डुप्लिकेट आहे." भाच्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याने बाटली मोज्यांत गुंडाळून बॅगेतून आणली होती.

खरं तर त्यात बाटलीचा काहीच दोष नव्हता. डिसेंबरात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा खोबरेल तेलाची बाटली पांढरी होऊन थिजते, तसंच काहीसं. व्हिस्कीत चरबीच्या कुळातले काही लांबलचक रेणू असतात. जास्त अल्कोहोलात ते विरघळून राहतात. गारवा आला किंवा पाणी वाढलं की बाहेर पडतात आणि धुकं दिसतं. बर्फ दोन्ही एकदम करतो, म्हणून गढूळपणा चटकन येतो. गिऱ्हाइकाने दाजींसारखी तक्रार करू नये म्हणून पुष्कळ कंपन्या व्हिस्की शून्याच्या आसपास किंवा त्याही खाली गार करून ते रेणू आधीच गाळून टाकतात. जे गाळत नाहीत ते बहुधा ४६ टक्क्यांवर बाटली भरतात, तेवढ्या कडकपणात ती एरवी स्वच्छ राहते. आमच्या बाटलीवर तसं लिहिलेलंही होतं, 'नॉन चिल फिल्टर्ड', पण इतक्या बारीक अक्षरांत की चष्म्याशिवाय दिसू नये. ग्लास हातात धरून थोडा वेळ बसलं की ते धुकं बऱ्याच अंशी निवळतं. दाजींचं निवळलं. बनावट माल असा ओळखता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. गढूळ झाली म्हणून खोटी नाही, आणि नाही झाली म्हणून खरी नाही.

भाच्याचीही एक चूक होती, आणि ती माझ्या मते जास्त शिकवणारी आहे. 'रूम टेंपरेचरला घ्या' हा सल्ला त्याने तिकडून उचलून आणला. कुठली रूम? एडिनबरातली खोली पंधरा-अठरा अंशांची. आमची गच्ची तीसची. अल्कोहोलचा बाष्पदाब, म्हणजे उडून जायची ओढ, तीस अंशांवर पंधरा अंशांच्या जवळपास अडीचपट असते. तीच बाटली, तोच ग्लास, पण मे महिन्यातल्या नाशकात नाक खाली नेलं की अल्कोहोलचा भपका आधी येतो. स्कॉटलंडमध्ये मऊ लागलेली व्हिस्की इथे टोचते, आणि माणूस बाटलीला दोष देतो. जानेवारीत हेच नाशिक दहा अंशांवर उतरतं, घरात सतरा-अठरा असतात, तेव्हा ती एडिनबरासारखीच लागते. तेव्हा बर्फ कशाला हवा?

मग उन्हाळ्यात काय करावं? पाण्याची खुंटी वेगळी आणि तापमानाची वेगळी पिळावी. व्हिस्की ओतलेला ग्लास पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावा, फ्रीजरमध्ये नाही. वीस अंशांच्या आसपास आली की पुरे. पाणी हवं तितकं चमच्याने. आणि इथे आपल्याकडे स्कॉटलंडला नाही अशी एक वस्तू आहे, माठ. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा कोरडी असते. माठाच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेर वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. आमच्या माठातलं पाणी मी मोजलं. हवेपेक्षा आठ अंशांनी गार निघालं. फ्रीजच्या पाण्यासारखं ते व्हिस्कीचा गळा दाबत नाही. फक्त माठ जुना हवा. नव्या माठाला मातीचा वास असतो, तो पाण्यात छान, व्हिस्कीत नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, आम्ही तर परमिट रूममध्ये वर्षानुवर्षं ग्लास काठोकाठ भरून पितो, आमचं चुकलं का? मुळीच नाही. ४२.८ टक्क्यांचा ६० मिलीचा पेग पाण्याने २०० मिलीपर्यंत नेला तर तो पावणेतेरा टक्क्यांवर येतो. म्हणजे आपण नकळत नाशिकच्या वाइनइतकी कडक वस्तू बनवलेली असते. फुटाणे, कांदा-टोमॅटो घातलेले शेंगदाणे, मसाला पापड यांच्यासोबत तीन तास बसायचं तर तेवढीच कडक बरी. जपानमध्येही जेवणाबरोबर व्हिस्कीत दुप्पट-अडीचपट पाणी घालून घ्यायची मानलेली रीत आहे, तिथे तिला मिझुवारी असं देखणं नाव आहे आणि आपल्याकडे 'भर रे' म्हणतात, इतकाच फरक. आपली सवय बहुतेक देशी व्हिस्कीवर घडली. तिच्यात साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट मोठ्या प्रमाणात असतं. युरोपात धान्यापासून न काढलेल्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. ती नुसती घेणं कठीण, म्हणून पाणी, सोडा, बर्फ, हाताला लागेल ते. सवय योग्यच होती. फक्त ती तशीच्या तशी बारा वर्षं मुरलेल्या बाटलीवर चालवली, की बारा वर्षं वाया.

एक मात्र पाण्याने होत नाही. ग्लास कितीही भरा, ४६ टक्क्यांच्या ६० मिलीत सुमारे २२ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि पाणी घातल्यावरही तेवढंच राहतं. 'मी लाइट घेतली होती' हे पोलिसाच्या यंत्राला कळत नाही. त्याला १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम एवढंच कळतं. दाजी त्या रात्री आमच्याकडेच झोपले.

सोड्याबद्दल थोडक्यात. त्याचे बुडबुडे वास वर आणतात, पण आंबटपणा आणि टोचणी सोबत आणतात. साध्या ब्लेंडेड, म्हणजे अनेक व्हिस्क्या मिसळून केलेल्या, स्कॉचला तो उन्हाळ्यात झकास लागतो. धुरकट माल्टमध्ये मला नाही आवडत. भाच्याला आवडतो. वाद संपलेला नाही.

पाणी कुठलं, हा मात्र बारकाईने बघायचा भाग आहे, कारण नाशकात एकाच गल्लीत तीन प्रकारचं पाणी असतं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी तसं गोड, पण त्यात क्लोरीन असतं. धुरातले फिनॉल, म्हणजे ग्वायकॉलच्या कुळातले रेणू, आणि क्लोरीन एकत्र आले की दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास येतो आणि तो फार थोड्यानेही जाणवतो. आयलाच्या व्हिस्कीत तर ते कळतंच. नळाचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलं तर क्लोरीन बरंचसं निघून जातं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या खडकातून येतं, बहुतेक ठिकाणी जड आणि खारट. ते व्हिस्कीत नकोच. फिल्टरचं सगळ्यात निरुपद्रवी.

आणि बर्फ. बर्फ फ्रीजरमधले वास पितो, झाकण नसलेल्या ट्रेमधला तर जरा जास्तच. दाजींच्या पहिल्या ग्लासात धुरामागे आणखी काहीतरी होतं, ते काय हे आम्हाला अर्ध्या तासाने कळलं. ट्रेच्या शेजारी लसणाच्या चटणीचा डबा होता.

दाजींनी मात्र बर्फ सोडला नाही. त्यांनी तो सुधारायचं मनावर घेतलं. ट्रेमधला बर्फ पांढरा दिसतो, कारण तो चारही बाजूंनी गोठत आत येतो आणि पाण्यातली हवा व क्षार मधोमध कोंडले जातात. एकाच बाजूने गोठवला तर तो कचरा दुसऱ्या टोकाला ढकलला जातो. दाजींनी थर्माकोलची लहान पेटी आणली, झाकण काढून टाकलं, फिल्टरचं पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवली. वरूनच गोठायला वाव. अठरा तासांनी, तळाचं पाणी अजून पातळ असतानाच, पेटी उलटी केली. काचेसारखी लादी निघाली, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल अशी. ती त्यांनी करवतीच्या सुरीने कापून मोठे चौकोन केले आणि सगळ्यांना दाखवून परत ठेवले.

संध्याकाळी गच्चीवर ग्लास मांडले, दाजी चिमटा घेऊन फ्रीजरकडे गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. दुपारी अक्काने ते सगळे चौकोन फोडून कैरीच्या पन्ह्यात घातले होते. "एवढा स्वच्छ बर्फ पहिल्यांदाच बघितला," ती म्हणाली.

मग भाच्याने माठातून वाटीभर पाणी आणलं. दाजींनी चमच्याने मोजून तीन चमचे घातले, ग्लास हलवला, नाक खाली नेलं, जरा वेळ तसेच थांबले, आणि घोट घेतला.

"आता नीट आहे," म्हणाले.